दिवंगत पत्नीचे स्की बूट

नाव: वैजयंती हरीश टिपणीस. वय: ५७ वर्षे. व्यवसाय: प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट. राहणार: अर्ल्सडन, कॉव्हेंट्री. मला इंग्रजी चांगले येते, पण रागात येत नाही. म्हणून दुभाषी मागितली. सौ. वरदा केळकर यांच्यामार्फत हा जबाब मराठीत देत आहे.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, आज गुरुवारी दुपारी मी आमच्या भागातल्या चॅरिटी शॉपमधून, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून, स्की बूट पायात घालून बाहेर पडले, हे खरे आहे. पैसे दिले नाहीत, हेही खरे आहे. स्वतःचे बूट कोणी विकत घेत नाही. 'पळून गेली' असे जे दुकानाने कळवले ते मात्र साफ खोटे आहे. स्की बूट घालून पळता येत नाही. मी बदकासारखी चालत बसस्टॉपपर्यंत गेले आणि बसची वाट पाहत उभी राहिले. पोलीस कॉन्स्टेबल, म्हणजे पीसी, कॉलिन्स मला तिथेच भेटले. माझे रोजचे बूट अजून त्या दुकानात आहेत.

दोन वर्षांपूर्वी शाळेची मुले स्कीइंग शिकायला प्लास्टिकच्या उतारावर नेली होती. मी त्यांची जॅकेटे सांभाळायला गेले होते. तिथला शिक्षक म्हणाला, उभ्याच आहात तर तुम्हीही या. गेले. तेव्हापासून दर रविवारी जाते. खऱ्या बर्फावर अजून पाय ठेवलेला नाही. येत्या शनिवारी पहाटे आमच्या गटातल्या बायकांबरोबर ऑस्ट्रियाला निघायचे आहे.

पहिले बूट माझे पती हरीश यांनी इंटरनेटवरून मागवले. पादत्राण नेहमी एक नंबर मोठे घ्यावे, सैल वाटले तर आत दोन जाड मोजे घालावेत, असा त्यांचा नियम आहे. आमच्या घरात सगळ्यांचे बूट असेच आले. शिवाय ते गुलाबी होते, म्हणजे लेडीज. त्यात माझी टाच वरखाली होई. मी वळायला जाई आणि बूट मात्र सरळ जात. मार्चमध्ये पडले, घोटा मुरगळला. हरीश यांनी महिनाभर माझे सगळे केले. स्वयंपाक केला, पाय शेकला, मला धरून जिना चढवला. हे नोंदवावे. पण त्यांनी दोष मापाला दिला नाही, खेळाला दिला.

ऑक्टोबरमध्ये मी एकटी बर्मिंगहॅमच्या स्कीच्या दुकानात गेले. बूट बसवून देणाऱ्या मेगनने आधी मला अनवाणी उभे करून पाऊल मोजले, मग पोटरी. बायकांची पोटरी खालपर्यंत भरलेली असते, म्हणून बायकांच्या बुटाचा गळा बुटका आणि वरून रुंद लागतो, रंगाचा काही संबंध नाही, असे तिने सांगितले. ताठ उभे राहिले की बोटे पुढे टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. मोजा एकच, तोही पातळ. स्कीज् मात्र आत्ता घेऊ नका, हनुवटीइतक्या उंचीच्या, हलक्या, तिथेच भाड्याने घ्या, असेही म्हणाली. भाड्याचे बूट घालू नका, हे तिने दोनदा बजावले.

तिने मला जोडवी काढायला सांगितली. मी म्हणाले, लग्नापासून काढलेली नाहीत, आता बुटासाठी काढणार नाही. ती हसली. मग तिने बोटांवर पट्टी बांधून बुटाचे अस्तर गरम केले आणि माझ्या पायावर बसवले. जोडव्यांपुरती जागा बाहेरून फुगवून दिली. ते बूट जगात दुसऱ्या कोणाला नीट होणार नाहीत.

मंगळवारी पोर्चमधल्या कपाटात हे नवे बूट दिसले नाहीत. हरीश यांना विचारले तर "असतील इथेच," म्हणाले. आज शाळेतून येताना ते चॅरिटी शॉपच्या काचेत दिसले. दुकानातल्या मिसेस डॉयल हळू आवाजात म्हणाल्या, बूट अगदी नवे आहेत, एका सभ्य गृहस्थांनी आणून दिले, त्यांची पत्नी नुकतीच वारली.

मी म्हणाले, ती मीच. त्यांचा विश्वास बसला नाही.

मी तिथूनच हरीश यांना फोन केला. "अहो, मी वारले का?"

 ते म्हणाले, "अगं, त्या बाईने विचारलं, इतके नवे बूट का देताय. मग काय सांगायचं? बायको सत्तावन्नाव्या वर्षी घसरगुंडी खेळायला निघालीय? परत पडून पाय मोडला तर, वैजू? मला नाही बघवणार."

"म्हणून मारूनच टाकलंत?"

मला राग आला आणि लागलेही. मी फोन बंद केला, स्टुलावर बसले, बूट घातले, बक्कल लावली आणि निघाले. मिसेस डॉयल यांना धक्का दिलेला नाही. त्या आपणहून बाजूला झाल्या.

ठाण्यात पीसी कॉलिन्स यांनी दोन्ही बुटांत हात घालून पाहिले. अस्तरात दुसऱ्या बोटाच्या जागी खळगा लागला. मी मोजे काढून जोडवी दाखवली. ही नवरा हयात असल्याची खूण, असे वरदाताईंनी त्यांना समजावले. त्यावर पीसी कॉलिन्स यांनी विचारले, बायको हयात असल्याची नवऱ्याच्या अंगावर काय खूण असते? आमच्यात तशी काही नसते, असे मी सांगितले.

बूट माझेच असल्याचे पोलिसांनी दुकानाला फोनवर कळवले व बूट मला परत दिले. पतीविरुद्ध तक्रार द्यायची आहे का, असे विचारले. नाही. त्यांना माझी काळजी वाटते, ते मला ठाऊक आहे. पण काळजी त्यांची आहे, पाय माझे आहेत. पडले तर पडेन, उठेन. घोटा पुन्हा मुरगळला तर पुन्हा शेकावा लागेल, हेही त्यांना सांगणार आहे. शनिवारी मी जाणार.

हा जबाब वरदाताईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, एक शब्दही बदलायचा नाही. माझे पती येऊन बाहेर बाकावर बसले आहेत, असे आत्ता कळले. हा जबाब त्यांनाही वाचून दाखवावा. घाई असेल तर निदान मी हयात असल्याचा भाग तरी.

सही: वैजयंती टिपणीस