पाण्याचा गुरुवार

झोप कसली लागतेय, मामा — तुमचा पंप घुरघुरत असतो आणि मला वाटतं, कुणीतरी माझ्या उशाशी बसून विहीर ओढतंय, घोट घोट. नाही नाही, तुम्हाला नाही बोलत, तुम्ही पगारी माणूस. हे घ्या, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणलंय, गरम आहे, वर वाटलेली मिरची — खाता खाता ऐका. बंद करा असं नाही म्हणत... म्हणजे, तेच म्हणतेय. कुमासीच्या ऑफिसातला तो पाहणीवाला परत येईपर्यंत.

त्याचं तरी काय चुकलं? ही जुनी दगडाची खाण बुजवायची, तर आधी पाणी कोण वापरतं ते बघायला आला, छत्री उघडून दिवसभर काठावर बसला — एक बादली आली नाही. लिहून गेला, हे पाणी कुणालाच नको. अहो, तो गुरुवार होता! आमच्याकडे गुरुवारी नदीच्या पाण्याला विसावा, गावातलं कुत्रंसुद्धा इकडे फिरकत नाही. खाणीला गुरुवार कुणी नेमून दिला? कुणीच नाही. दगडवाले गेले, खड्डा पावसानं भरला, पाणी नदीसारखं दिसायला लागलं, मग नदीचा नियम आपसूक लागला. शुक्रवारी आला असता तर रांगेत त्याची छत्रीच मोडली असती! आणि आम्ही शहाणे — लांबून हात केला, पण ‘बाबा, आज नव्हे’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. जगाला ठाऊक असेल असंच वाटलं.

सोमवारी तुम्ही खाण उपसायला पंप लावलात, आज विहिरीतून गाळ आला. सहावीच्या पोरांना मीच शिकवते — ओला स्पंज एका कोपऱ्यात पिळला की दुसरा कोपराही सुकतो. सासूबाई म्हणतात पाणी रुसलं, मी म्हणते पातळी उतरली. बादलीत गाळ दोघींच्या सारखाच.

बुजवू नका असंही नाही. हा उभा कडा तेवढा भरा, उतार करा, खोल बाजूला तळं राहू द्या, पावसाचं जादा पाणी चर खणून ओढ्याला सोडा — एवढंच. मला काय कळतं म्हणा! पण माझी अदोमा तीन वर्षांची असताना एकदा याच कड्यावर — राहू दे. बुजवणार असं ऐकलं तेव्हा सभेत सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या होत्या, मामा. पोरगी वाचली म्हणून. आता तिला प्यायला काय देऊ?

बाकीचे? ते बघा, आंब्यांच्या पलीकडे उभे आहेत. आज कसे येतील? मी शिकलेली, मी काही मानत नाही — तरी बघा, चपला हातात घेतल्यात आणि पाय या हद्दीच्या दगडापुढे पडत नाही. इथूनच ओरडतेय. केंके ठेवलंय तेही दगडाच्या अलीकडे, तुम्हीच या घ्यायला.

मान हलवताय. बंद करायचा हुकूम नाही, असंच ना? असू दे. खा तुम्ही. चल गं अदोमा, ओढू नकोस पदर — काय? मामांना विचारायचंय? विचार, विचार एकदा आणि चल.

“मामा, आज गुरुवार आहे. पंपाला कुणी सांगितलं नाही का?”