मालकांचा शब्द

घ्या की अजून एक तुकडा, मालक, लाजताय काय स्वतःच्या घरात! बाईसाहेब नातीला झोपवायला वर गेल्यात, तोवर निवांत जेवा. तर मी काय सांगत होते — हां, आमच्या ह्यांचं. तुमच्या शेडमध्ये जाळीची तार लागली बोटाला, एवढीशी, रक्तसुद्धा धड आलं नाही. हे म्हणाले, हळद दाब आणि दे कामाचा शर्ट. चार दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. दवाखान्यात एक औषध झालं, दुसरं झालं, महागातलं झालं — जंतू कशालाच दाद देईनात. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, काम काय करतात हो हे? म्हटलं, कोंबड्यांच्या शेडमध्ये असतात, पाण्याच्या टाकीत औषध कालवतात. आजारी कोंबड्यांना? म्हटलं, नाही बाई, सगळ्यांनाच, धडधाकट असल्या तरी, पिल्लं खोक्यातून उतरली की लगेच — लवकर भरतात, मरत नाहीत. मग म्हणाल्या, तिथल्या जंतूंना त्या औषधांची सवय झालीय, आता तीच औषधं आम्ही माणसाला दिली तर त्यांना काय होणार?

पाणी देऊ? घ्या, सावकाश.

हे गेले, मग तुम्ही भेटायला माझ्या दारात आलात. माणसं बसलेली होती, मी कोपऱ्यात. म्हटलं, मालक, ते औषध तेवढं बंद करा, बाकीच्यांच्या घरीही लेकरं आहेत. तर तुम्ही काय म्हणालात? आठवतं? मला आठवतं. "काही होत नसतं त्यानं. मी स्वतः खातो ना माझाच माल?" — सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. कारण मागच्या अंगणातला पिंजरा कोण सांभाळतं, मालक? मीच ना? प्रत्येक खेपेतली मूठभर पिल्लं वेगळी काढायची, त्यांना साधं पाणी, औषधाचा थेंब नाही, ती फक्त घरच्या जेवणाला — हे कुणी शिकवलं मला? तुम्हीच. शेडमधलं पीससुद्धा या ओट्यावर येऊ देत नव्हतात!

मी भांडले का? नाही. मला भांडता येत नाही, ह्यांची कायमची तक्रार होती ती. मी म्हटलं, एवढा मोठा माणूस बोलून गेलाय, तर शब्द खरा करू त्यांचा. एकाच खोक्यातली पिल्लं — दिसायला काय फरक? अंगणातली गेली कामगारांच्या चुलीवर. शेडमधली आली तुमच्या ताटात. तेव्हापासून. हो, आजचीसुद्धा.

अहो — अहो, खुर्ची पडली! बेसिनकडे कुठे निघालात? घशात बोटं कशाला घालताय, काही होत नसतं ना त्यानं? बघा, घाम फुटला. इतकी वाट बघितली मी या घामाची.

ओरडायचंय? ओरडा. बाहेर कामगार माल भरताहेत सगळे, बोलवा आत. सांगा त्यांना — हिनं मला आपल्याच शेडची कोंबडी खायला घातली. एवढं एकच वाक्य बोला, मालक. मी आपण होऊन चौकीवर येते.

नाही ना निघत तोंडातून?

वर काय बघताय? नात? तिला नाही हो. तिच्यासाठी अंगणातलीच ठेवायचे, वेगळ्या सुरीनं कापायचे, वेगळ्या पातेल्यात शिजवायचे. ती मला आजी म्हणते, कुशीत शिरते, मग हात — नाही धजावला हात. हे सांगायचं नव्हतं तुम्हाला. वरून तिचा खोकला ऐकू आला की तुम्ही नुसतं तळमळावं, आम्ही दवाखान्यात बसून तळमळलो तसं, एवढंच हवं होतं मला. आणि बोलून बसले, बघा.

उभे काय राहिलात? जा आता इथून. मला टेबल पुसायचंय.