लाल टिकली एकटी का होती

आणि वर मलाच विचारतात, मावशी, तुम्ही हात लावलातच कसा. कसा म्हणजे? हातानंच लावला. कामावर घेताना साहेब काय म्हणाले होते, शेडमध्ये जे जे दिसेल ते लखलखीत पाहिजे. मग त्या "जे जे"मधून काय वगळायचं ते तेव्हाच सांगायचं होतं ना... तुम्हाला सांगते, वाईट मनानं नाही केलं मी. मी आपलं पुसलं.

पण थांबा, हे मधूनच सुरू केलं, तुम्हाला काय कळणार. तर आमच्याकडे खुर्च्या बनवतात. घरात बसायच्या नव्हेत. जमिनीत तेलासाठी खोल भोक पाडतात ना, त्यावर उंच लोखंडी मनोरा असतो, मनोऱ्यात म्हशीएवढा ठोकळा वरखाली होतो, ठोकळ्याला लांबच लांब नळ्या लटकतात, आणि ही सगळी जत्रा एक माणूस काचेच्या केबिनमध्ये बसून चालवतो. तो ड्रिलर. त्याच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर दांडे आणि बटणं, समोर पडदे. आता कुठलं बटण कुठं असावं, हे आमच्या शेडमध्ये ठरतं. शिकलेली माणसं ठरवतात, मी त्यांच्या मागून झाडते.

खरी केबिन करायच्या आधी प्लायवूडची खोटी करतात, अगदी मापात, आणि बटणांच्या जागी कागदाच्या टिकल्या चिकटवतात. त्यासाठी एका ड्रिलरभाऊंना बोलावलेलं. तीस वर्षं त्या मनोऱ्यांवर काढलेला माणूस, बोलणं कमी, मान जाड. तीन दिवस त्या खोट्या खुर्चीत डोळे मिटून बसले. आमची चष्मेवाली, ती बटणांचं बघते, ती विचारणार, "काका, नळी अडकली, काय कराल?" की भाऊंचा हात आपोआप कुठंतरी जाणार, आणि जिथं जाईल तिथं लंबू टिकली चिकटवणार. लंबू म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा. मी म्हटलं, हा काय पोरखेळ चाललाय.

शनिवारी सगळे घरी. मी फडकं घेऊन आत गेले आणि बघते तर काय... अहो, टिकल्या अशा लावलेल्या की लहान पोरानं तापात लावाव्यात. एक तिरकी, दोन एकमेकींवर चढलेल्या, आणि एक लाल टिकली तर सगळ्यांना सोडून पार खाली, डाव्या गुडघ्यापाशी, एकटी. मला वाटलं पडली बिचारी. त्यात लाकडाचा भुसा. मग मी काय केलं, सगळ्या अलगद काढल्या, ओलं फडकं फिरवलं, कोरडं फिरवलं, आणि परत लावल्या. नीट. लालशेजारी लाल, हिरव्याशेजारी हिरवी, पट्टी धरून. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं मला कुठं वाचता येतंय, चौथीपर्यंत शाळा माझी, पण रंग कळतात ना. ती एकटी लाल होती तिलाही वर तिच्या बहिणींत नेऊन बसवली. म्हटलं, एकटीनं का राहायचं. गुन्हा केला का? मी आपलं पुसलं.

टिकल्यांचे फोटो शुक्रवारीच काढून ठेवायचे होते म्हणे त्यांना. ते सोमवारी काढले.

सोमवारी साहेब आले, कमरेवर हात, मान वाकडी. "वा. आता कसं सुटसुटीत दिसतंय. कोणी केलं हे?" चष्मेवालीनं लंबूकडे बघितलं, लंबूनं चष्मेवालीकडे बघितलं, आणि दोघंही असं हसली की मी केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही. मी बादली घेऊन मागे उभी. खरं सांगू? मला आतून गुदगुल्या होत होत्या. चौथी पास बाईनं लावलेल्या ओळी, आणि साहेब म्हणतात वा. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं, पण तेव्हा मला तोंड उघडायचं नव्हतं, मला तो "वा" जपून ठेवायचा होता.

सहा महिन्यांनी खरी केबिन तयार झाली. लोखंडाची, काचेची, बटणं माझ्या ओळीत. पाठवायच्या आधी तिची परीक्षा असते, पडद्यावर खोटा मनोरा, खोटा ठोकळा. भाऊंना परत बोलावलं. मी काच पुसत होते, म्हणून डोळ्यांनी बघितलं. ठोकळा वर निघाला, चष्मेवाली म्हणाली, "काका, थांबवा!" आणि भाऊंनी नजर वरच ठेवून डावा हात सोडला, थेट गुडघ्यापाशी. तिथं नुसता पत्रा. त्यांनी पत्र्यावर मारलं. एकदा, दोनदा. तेवढ्यात पडद्यावर ठोकळा मनोऱ्याच्या डोक्याला धडकला. तीनदा परीक्षा घेतली, तीनदा हात पत्र्यावर. मला काचेतून तो हात दिसत होता आणि मला ती टिकली दिसत होती.

भाऊ उठले. म्हणाले, "वय झालं साहेब. हात विसरायला लागला. खऱ्या मनोऱ्याखाली चार पोरं उभी असतात. मी आता नाही बसत." साहेबांनी खांदा थोपटला. "काका, कधी ना कधी थांबायचंच असतं." आणि मी? मी काच पुसली.

दोन दिवस, तुम्हाला सांगते, घास उतरला नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "तुला कोणी विचारलंय का? नाही ना. मग तूच कशाला वाळूत मुततेस, फेस ना पाणी." त्याचं बरंय, त्यानं आयुष्यात काही पुसलेलंच नाही. मला जेवताना तो हात दिसायचा. वाटायचं, ह्या केबिनी जातील, दुसरे ड्रिलर बसतील, त्यांचेही हात तिथंच गेले तर... आणि भाऊ घरी बसून स्वतःला मोडीत काढणार, माझ्या ओळींपायी.

तिसऱ्या दिवशी केबिन ट्रकवर चढवायची होती. मी सरळ साहेबांच्या बैठकीत शिरले, दहा माणसं बसलेली. म्हटलं, "ती लाल टिकली मी हलवली." साहेब म्हणाले, "मावशी, कुठली टिकली? नंतर बोलू." म्हटलं, "नंतर ट्रक जाईल." आणि सगळं ओकले. चष्मेवाली पांढरीफटक, तिनं लंबूकडे बघितलं. "मला वाटलं तू लावल्यास." "मला वाटलं तू." साहेब म्हणाले, "तपासणीच्या कागदावर माझी सही आहे." मी म्हटलं, "माझी नाही, म्हणून तर मला बोलता येतंय."

प्लायवूडची खुर्ची अडगळीतून ओढून आणली, भाऊंना निरोप धाडला. आले, बसले, डोळे मिटले. चष्मेवालीनं दहा वेळा मध्येच ओरडून थांबवायला लावलं. दहाच्या दहा वेळा हात गुडघ्यापाशी, एका पेराचाही फरक नाही. खडूनं खूण केली तर दहा खुणांची एकच खूण. मी पाया पडायचीच बाकी होते, म्हटलं, "भाऊ, तुमचा हात नाही विसरला, मी टिकली हलवली." रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "म्हणजे हात बरोबर होता." आणि तो हात दुसऱ्या हातात धरून बसून राहिले.

केबिन उघडली, बटण खाली नेलं, परत परीक्षा झाली, ठोकळा जागच्या जागी थांबला. पुढच्याच आठवड्यात भाऊ मनोऱ्यावर रुजू. मी म्हटलं, सुटले बाई एकदाची.

कुठली सुटते. परवा फाटकावर एक बाई उभी, मला विचारते, "त्या पुसणाऱ्या तुम्हीच का?" भाऊंची बायको. मला वाटलं आभार मानायला आलीय, मी केस नीट केले. म्हटलं, "वहिनी, आत या ना." ती आत आली नाही. म्हणाली, "तीस वर्षं मी सांगत होते, आता पुरे, घरी बसा. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, थांबतो. तुमचा निरोप येईपर्यंत तीन दिवस घरात रमले, बाई. दारातली कडी बसवली, माझ्यासोबत बसून शेंगा सोलल्या." मी म्हटलं, "पण वहिनी, खरं तर सांगायलाच हवं होतं ना मी?" ती शांतपणे म्हणाली, "हलवताना कोणाला विचारलं नाहीत. सांगताना तरी मला विचारायचं होतं."

मी तिचीही माफी मागितली. हल्ली मी कामावर आले की आधी माफीच मागते, मग कोणाची ते शोधते.