तन्मयचा अर्धा राहिलेला गेम

नानाखेड्याच्या बस स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मामी-भाचे बोलत होते.

“मामी, पहिलाच गेम ना तुझा? मग सोप्पा घे. तन्मयदादाचा तर भारीच टेढा आहे.”

“नको. सिद्धवटावर त्याच्या पिंडाला कावळा शिवेना. ‘तुझा गेम मी पुरा करीन, बाळा’ म्हटलं, तेव्हा कुठे शिवला.”

“मग, चालू केलास?”

“आज सकाळी. त्याचा योद्धा एका दारापाशी उभा होता. माझ्याकडे वळला.”

“वळतातच ते. मग त्यानं काय बोलायचं ते खाली लिहून येतं. त्यातलं एक आपण निवडायचं.”

“आलं ना. ‘आई, आत ये.’ नाहीतर ‘आई, घरी जा.’ कोणतं दाबू रे?”

“मामी... त्या गेममध्ये मराठी नाहीये.”