झाकलेला मजला

"हॅलो? भावजी? … हो, मीच, वहिनी. … नाही, ऑफिसात नाही. दाताच्या दवाखान्यात आलेय. म्हणजे पोचलेच नाही, लिफ्टमध्ये अडकलेय. … हो. आपलीच."

'आपलीच' म्हणताना तिनं गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. ह्याच लिफ्टच्या कंपनीचं नाव छातीकडं, कोरी बाजू लोकांकडं. लोक म्हणजे काठी टेकून उभ्या एक आजी आणि खोक्यांच्या ढिगामागं एक पार्सलवाला.

"तुम्ही कुठं आहात? … साहेबांच्या केबिनबाहेर. … हो, ठाऊक आहे कशाला बोलावलंय."

ठाऊक नसायला काय झालं? सकाळी हिनंच भरल्या मीटिंगमध्ये तोंड सोडलं होतं. काल भावजींनी लिफ्टच्या प्रोग्रॅममधल्या 'मजला' ह्या तुकड्याचं नवं मॉड्यूल चढवलं आणि आज चार इमारतींत लिफ्ट लटकल्या. न तपासता चढवतात, कामावरून काढा असल्या माणसाला. सख्खा दीर. आणि दीर आहे म्हणूनच दोन शब्द जास्त, घरच्याला सांभाळून घेते असं कुणी म्हणू नये म्हणून.

"भावजी, एक विचारू? … 'मजला'च्या आत काय बदललंत? … क्रमांक काढून उंची ठेवली? सेंटिमीटरमध्ये? … हां, तळघराकडच्या अर्ध्या मजल्यासाठी. बरोबर आहे, अर्धा मजला क्रमांकात कुठला बसायला…"

तीन मजले, मजल्याला तीनशे सेंटिमीटर. तिनं मनात गुणाकार केला.

"ऐका ना. … अहो, ऐका ना आधी. तुमचं काही चुकलेलं नाही. … कसं म्हणजे? ही लिफ्ट तिसऱ्यावरून सहाव्यावर निघाली आणि वेग धरता धरता थांबली. हिला वाटलं नऊशे मजले जायचंय. … हो, नऊशे. म्हणून सुरक्षा यंत्रणेनं ब्रेक लावला. … कारण मी वजाबाकी करते. तुमच्या मजल्यांची."

तिनं आवाज खाली आणला.

"… माहितीये, वजाबाकी तुम्ही दिलीच नव्हती. वरचा कोणता, खालचा कोणता, दोन्ही एकच का, एवढंच बाहेर ठेवलंत, बाकी सगळं झाकलेलं. दोन मजल्यांमधलं अंतर मागितलं तर म्हणालात, जरा थांबा, नीट करून देतो. मला कुठला धीर? आत साधा आकडा आहे हे ठाऊक होतं. कंपायलर धोक्याचे इशारे देऊन नको नको म्हणत होता, त्याचं तोंड बांधलं आणि झाकणाखाली हात घालून आकडे परस्पर वजा केले. … नाही आजी, तुम्हाला नाही म्हटलं. … लाइटचा घोटाळा आहे, आजी. होईल सुरू."

खोटं कसं न अडखळता निघालं.

"हं, बोला. … नाही, माझा भाग परत कंपाइल झालाच नाही. का होईल? तुमची बाहेरची बाजू होती तशीच. आत काय हवं ते बदला, दुसऱ्याच्या कामाला धक्का लागत नाही, त्यासाठीच तर आपण प्रत्येक तुकडा वेगळा कंपाइल करतो. तुम्ही नियमानं वागलात. … आणि झाला असता तरी काय, तोंड मीच बांधलेलं ना."

आजी खाली बसू बघत होत्या. पार्सलवाल्यानं एक खोकं पुढं सरकवलं.

"काय? जुनं मॉड्यूल परत चढवता? … नको. अहो, नको. तुम्ही माघार घेतलीत की लिफ्ट चालणार, आणि साहेब म्हणणार, बघा, ह्याचंच चुकलं होतं. मी करते माझं दुरुस्त. … संध्याकाळ होईल, होऊ दे."

होऊ दे. अडकली होती काय ही एकटी? आजींचे गुडघे लटलटत होते, ओठ पांढरे पडले होते. हिला मात्र आपला मोठेपणा मिरवायचा होता, तोही त्यांच्या गुडघ्यांवर.

"… चढवा. … हो, चढवाच. इथं एक आजी आहेत. पण आधी केबिनमध्ये जा, फोन स्पीकरवर टाका. मी सांगते सगळं. … घरचं घरात? भावजी, सकाळी मी ठेवलं होतं का घरचं घरात? … साहेब? हो, मीच. सकाळी मी जे बोलले ना, ते… हॅलो? साहेब? हॅलो?"

तेवढ्यात जुनं मॉड्यूल चढलं, लिफ्ट हिसका देऊन हलली आणि लाइन तुटली.

सहाव्यावर दार उघडलं. तिनं आजींना धरून बाकावर बसवलं. आजी म्हणाल्या, "फोनवरच्या त्या माणसाला माझा आशीर्वाद सांग हो. ज्यानं ही मेली लिफ्ट बिघडवली, त्याला मात्र…" पुढचं त्यांनी नुसतं हातानं झटकून टाकलं.

तिनं ओळखपत्र सरळ केलं, नाव बाहेरच्या बाजूला. आणि तिथंच, आजींच्या शेजारी बसून परत फोन लावला.

"हॅलो? साहेब, मघाशी लाइन तुटली. … काय म्हणाले भावजी? … त्यांची चूक? तसं लिहूनही दिलं? … खोटं बोलतायत ते, साहेब. घरचे आहेत ना."