अर्धवट वाक्याची खुर्ची

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती बाई, पहिल्या रांगेतून माझ्याकडे रोखून बघणाऱ्या बाईंच्या सासूबाई, आणि शहरभरच्या लिफ्टा एका संध्याकाळपुरत्या देवाच्या भरवशावर सोडून इथे जमलेल्या माझ्या मेकॅनिक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षांनी मला थोडक्यात बोलायला बजावलंय. बाईंबद्दल थोडक्यात कसं बोलायचं, हे मात्र त्यांनी सांगितलेलं नाही. बाईंनी आमचं लिफ्ट-दुरुस्तीचं खातं कसं उभं केलं, किती माणसं घडवली, हे सगळं मानपत्रात आलंच आहे. जे आलं नाही ते मी सांगतो. बाई कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसत.

हसू नका. ज्यांची वाक्यं तुटली त्यांनाच हसायचा हक्क आहे. म्हणजे... बरं, हसा सगळेच.

तुम्ही नुसतं 'बाई, तो ब्रेक...' म्हटलंत की बाईंनी नवा ब्रेक मागवलेलाच असायचा. आणि पंचाईत अशी, की त्यांचा अंदाज बहुतेक बरोबर यायचा! चुकला असता तर त्या केव्हाच सुधारल्या असत्या. शेवटी एकदाचा चुकला, आणि नेमक्या त्या वेळी लिफ्टमध्ये सासूबाई होत्या.

बाईंच्याच इमारतीतली लिफ्ट होती. दुरुस्ती आटोपली होती, बाई वर मशीन रूममध्ये होत्या. आमचा उंच मेकॅनिक, ज्याला आपण सगळे शिडी म्हणतो, तो जिना चढून धापा टाकत वर आला. म्हणाला, "बाई, लिफ्ट झाली, आणि आता आत—"

"झाली ना? मग आवरा!" असं म्हणून बाईंनी मेन स्विच खाली ओढला.

शिडीने जरा दम घेतला आणि वाक्य पुरं केलं. "आता आत तुमच्या सासूबाई आहेत."

दोन मजल्यांच्या मध्ये, अंधारात, भाजीच्या पिशवीसकट! आम्ही त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. साडी झटकली आणि म्हणाल्या, "सूनबाई घरात कुणाचं ऐकून घेत नाही, हे मला ठाऊक होतं. ऑफिसातही तीच तऱ्हा आहे, एवढं बघायचं राहिलं होतं." बघा, आजही मान डोलावतायत.

बाई दुसऱ्या दिवशी मीटिंगला आल्या त्या एक नियम घेऊनच. "मी ज्याचं वाक्य तोडीन, त्याने माझ्या खुर्चीत बसायचं आणि मीटिंग संपेपर्यंत मी उभं राहायचं." तुम्हीच सांगा, कोणता साहेब स्वतःच्या मागे असं शुक्लकाष्ठ लावून घेईल? सुरुवातीला बाई जवळजवळ रोजच उभ्या असायच्या. आमच्यातले काही महाभाग तर त्या गुबगुबीत खुर्चीच्या लोभाने मुद्दाम एकेक शब्द चघळत बोलायला लागले. शिडीने एकदा 'बाई, मला असं... वाटतं... की...' एवढ्यावरच खुर्ची पटकावली, आणि पुढे काय वाटतं ते त्याला आजतागायत सुचलेलं नाही.

हळूहळू बाई बसायला लागल्या. पण आपण सुधारलो, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, आता हा नियम बंद करू या." तर म्हणाल्या, "लिफ्ट नीट चालते म्हणून तू तिची देखभाल थांबवतोस का रे?" गेल्याच महिन्यात त्यांनी हिशेबनीस बाईंना मध्येच तोडलं, आणि गुडघे दुखत असतानाही निमूटपणे उठून उभ्या राहिल्या. मी दुसरी खुर्ची पुढे केली तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच उभा राहिलो.

आता जरा अवघड बोलतो. सोमवारपासून बाईंच्या जागी मी बसणार आहे. बाईंची मुदत संपायला अजून अवकाश होता, तरी त्या निघाल्यात. कॅन्टीनमध्ये काय बोललं जातं ते माझ्या कानावर आलंय. मी त्यांना बाहेर काढलं, असं म्हणतात. खरं सांगू? मलाही तीच भीती होती. बाई गेले कित्येक दिवस मला सांगू बघत होत्या, "मी जातेय, कारण..." आणि दर वेळी मी मध्येच म्हणायचो, "बाई, असं बोलू नका हो!" त्यांना वाटत होतं, याला माझा लळा आहे. लळा आहेच. पण त्याहून जास्त धास्ती होती, की पुढचा शब्द 'तुझ्यामुळे' असेल.

आज हार-तुऱ्यांच्या आधी मागच्या खोलीत बाईंनी पुन्हा सुरुवात केली, आणि मी ओठ घट्ट मिटून त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं. बाई म्हणाल्या, "मी जातेय, कारण कामाच्या बोलण्यात आता मला कुणी तोडत नाही. मी काहीही म्हटलं तरी तुम्ही सगळे माना डोलावता. परवा मी चुकीचा दोर सांगितला, आणि तू तोच घेऊन आलास! वाद घालणारं कुणी उरलं नाही, तर मी शिकू कुणाकडून?"

मी विचारलं, "मग आता कुठे?"

"पोहायला. गेला महिनाभर जातेय. शिकवणारी पोरगी माझ्या नातीएवढी आहे. मी काही बोलायला तोंड उघडलं की ओरडते, आजी, गप्प बसा आणि पाय मारा!" हे सांगताना बाई इतक्या खूश दिसत होत्या, की मला त्या मुलीचा हेवा वाटला. मित्रहो, आपण बाईंचा मान ठेवता ठेवता त्यांना एकटं पाडलं. मला तसं एकटं पाडू नका, एवढंच मागणं आहे.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळाकडे बघताय, तेव्हा आवरतो. आपले, पाहुण्यांचे, आणि शेवटपर्यंत जागं राहिलेल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, माझं काही चुकलं-माकलं असेल, तर कृपा करून पोटात घालू नका. सोमवारी ऑफिसात या आणि माझ्या तोंडावर सांगा.