मध्ये दोन विमानतळ

अरे, त्या नेन्यांचं सांगायचं राहिलंच. आमच्या खालच्या मजल्यावरचे. परवा मी मुलाला बेंगळुरूला फराळ पाठवायला कुरिअरवाल्याकडे गेलो, तर हे आधीच डबा घेऊन रांगेत.

म्हणाले, "पाठवता कशाला? विमानाने दीड तास. येईल की तो खायला."

मी चिडलोच. "अहो, दीड तास नुसता विमानाचा! तिकडे घरून विमानतळ गाठायलाच त्याला दोन तास लागतात. इकडे उतरून घरी यायचं ते वेगळंच. नाही जमत त्याला."

"असं."

"तुमचा मुलगा कुठे असतो? अमेरिकेत?"

"नाही, इथेच पुण्यात. वाघोलीला."

त्यांनी डबा काउंटरवर ठेवला.

"तुमचं बरंय हो," म्हणाले, "तुम्हाला सांगायला मध्ये दोन विमानतळ तरी आहेत."